आळ दिवाळीच्या बोनसवर, गळती पहिल्या ९० दिवसांत

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे. धातू कापणारी कॉम्प्युटरवरची मशीनं – सीएनसी लेथ, तीन व्हीएमसी; तीन पाळ्या, एकूण ६४ माणसं. ऑर्डर भरपूर आहेत, पण माणूस टिकत नाही. बोनस हातात पडला की दिवाळीनंतर गायब. गेल्या वर्षभरात २७ जण गेले. नावं झाकून यादी सोबत जोडली आहे. पूर्ण हजेरीला महिना दीड हजार जादा द्यायला सुरुवात केली, तरी खाडे तेवढेच. दोन चांगल्या सेटरांना (मशीन कामासाठी लावून देणाऱ्यांना) गुपचूप पगारवाढ दिली, तर आठवड्यात सगळ्या शॉपला कळलं आणि बाकीच्यांची तोंडं फुगली. आता पुण्याचे एक सल्लागार म्हणतात, ‘तुमची भरती अंदाजपंचे चालते, आम्ही पुराव्यावर आधारित एचआर बसवून देतो.’ त्यांच्या पॅकेजात व्यक्तिमत्त्व चाचणी, हस्ताक्षरावरून स्वभाव आणि कॉम्प्युटरवर डॅशबोर्ड आहे. चार लाख मागतात. मेहुणे म्हणतात, ‘पैसे कशाला घालवताय, माझ्या ओळखीची पोरं देतो.’ मी स्वतः पंचवीस वर्षं माणसं घेतोय, चेहरा बघितला की मला माणूस कळतो. तरी असं का होतंय? सल्लागारांना महिनाअखेरीस उत्तर द्यायचंय.

– एक उद्योजक

उत्तर

नमस्कार.

पत्राआधी तुमची यादी वाचली ते बरं झालं. पत्रात तुम्ही म्हणता की माणसं बोनस घेऊन जातात. यादीत दिवाळीनंतरच्या महिन्याभरात गेलेले ५ जण सापडले. रुजू झाल्यापासून ९० दिवसांच्या आत गेलेले १७. उरलेले ५ वर्ष-दोन वर्षं काम करून अधूनमधून गेले. त्यातल्या एकापुढे तुम्हीच ‘गावी स्वतःचं वर्कशॉप’ असं लिहिलंय. म्हणजे गळतीचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतला आहे आणि आळ मात्र बोनसवर.

हे तुमच्या लक्षात आलं नाही यात नवल नाही. दिवाळीनंतर पाच जण एकदम जातात, मशीन उभी राहतात, ग्राहकाचे फोन सुरू होतात. ते डोक्यात बसतं. बाकीचे महिन्याला एक-दोन करत सटकतात. त्यांच्या जागी दुसरा उभा करून आपण मोकळे होतो. नव्या पोराचं नाव पाठ होण्याआधीच तो गेलेला असतो, मग आठवणार कोण? आणि बोनस तर कायद्याने किमान ८.३३ टक्के द्यावाच लागतो. तो शेजारच्या शेडमध्येही मिळतो. त्यात दोन-चार टक्के इकडचे तिकडे करून ही गळती थांबली नसती.

पुराव्यावर आधारित मनुष्यबळ व्यवस्थापन म्हणतात ते इथून सुरू होतं. त्याला चार लाख लागत नाहीत. ही रीत मुळात वैद्यकातली. १९९० च्या दशकात काही डॉक्टरांनी आग्रह धरला की उपचार ठरवताना स्वतःच्या अनुभवासोबत चाचण्यांतून काय सिद्ध झालंय तेही बघावं. दहा-पंधरा वर्षांनी व्यवस्थापन शिकवणाऱ्यांनी तोच आग्रह कारखान्यांसाठी आणि कचेऱ्यांसाठी धरला. त्यात संशोधन येतं, तुमच्या हजेरीपटातले आकडे येतात, तुमचा पंचवीस वर्षांचा अनुभव येतो, आणि ज्यांच्याबद्दल निर्णय घ्यायचा त्या कामगारांचं म्हणणंही येतं. एकाचं दुसऱ्याशी जुळतंय का हे बघत राहायचं, एवढंच त्यातलं शास्त्र.

यादीतली दुसरी गोष्ट जरा जपून बघावी लागेल. लवकर गेलेल्या १७ पैकी १२ जणांपुढे ‘तिसरी पाळी’ आहे, आणि कडेला तुम्ही पेन्सिलीने ‘सुपरवायझरमुळे?’ असं लिहून ठेवलंय. इतक्यात तिथे उडी मारू नका. नवा माणूस आला की त्याला सरळ रात्रपाळीला टाकायचं, ही आपल्याकडच्या बहुतेक शॉपची रीत. तुमच्याकडेही तसंच असेल, तर नवी माणसं मुळात तिथेच जास्त, म्हणून गेलेलीही तिथलीच जास्त. त्यात सुपरवायझरचा वाटा किती आणि रात्रीच्या जागरणाचा किती, हे या कागदावरून कळणार नाही. तुमच्या यादीत फक्त गेलेले आहेत. राहिलेले कुठे आहेत? वर्षभरात एकूण किती घेतले, कुणाला पहिली पाळी कुठली दिली, कोण कुणाच्या ओळखीने आलं आणि ९० व्या दिवशी कोण हजर होतं, एवढे रकाने हजेरीपटावरून भरून घ्या. एका दुपारचं काम आहे. टिकलेली नवी माणसंही रात्रपाळीतच लागली होती असं निघालं, तर त्या सुपरवायझरला आपण उगाच सुळावर चढवायला निघालो होतो, हे कळेल. उलटही निघू शकतं. पण आधी रकाने.

आता भरतीकडे वळते. ‘चेहरा बघितला की माणूस कळतो’ हे वाक्य मी उद्योजकांकडून, डॉक्टरांकडून, मुख्याध्यापकांकडूनही ऐकलंय, आणि ते खोटं बोलत नसतात. त्यांना तसं मनापासून वाटत असतं. अमेरिकेत तीन मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यावर फार बोलका आहे. विद्यार्थ्यांना सांगितलं, समोरच्या विद्यार्थ्याची मुलाखत घ्या आणि पुढच्या परीक्षेत त्याला किती गुण पडतील याचा अंदाज करा. त्याचे आधीचे गुण हातात दिले होते. काही मुलाखतींत उत्तर देणाऱ्याला गुपचूप बजावलं होतं की प्रश्नाच्या शेवटच्या दोन शब्दांची आद्याक्षरं बघून, ठरलेल्या नियमाप्रमाणे, ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. म्हणजे उत्तरांचा खऱ्या माणसाशी काही संबंधच नाही. मुलाखत घेणाऱ्यांना ते कळलं नाही. समोरचा माणूस आपल्याला उमगला, असं त्यांना तरीही वाटलं. आणि मुलाखत न घेता नुसते जुने गुण बघितले असते, तर त्यांचे अंदाज जास्त बरोबर आले असते. गप्पांची मुलाखत फारशी माहिती देत नाहीच, वर हातातली चांगली माहिती बिघडवते.

भरतीच्या कुठल्या पद्धतीने पुढचं काम किती ओळखता येतं, यावर शंभरएक वर्षं संशोधन चाललंय. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली तोवरच्या ८५ वर्षांचा हिशेब मांडला. २०२२ साली पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तो पुन्हा तपासला आणि बरेच आकडे खाली आणले. मोजमाप असं समजा: शून्य म्हणजे निवडीचा आणि कामाचा काही संबंध नाही, एक म्हणजे तंतोतंत. नव्या हिशेबात आधी प्रश्न ठरवून, सगळ्यांना तेच विचारून, गुण देऊन घेतलेली मुलाखत ०.४२ वर आहे. कामाच्या ज्ञानाची परीक्षा ०.४०. प्रत्यक्ष काम करून दाखवणं ०.३३. मोकळ्या गप्पांची मुलाखत ०.१९. आणि ज्याच्यावर आपण जाहिरातीत सगळ्यात जास्त भर देतो ती ‘अनुभवाची वर्षं’ ०.०७. पाच वर्षांचा अनुभव म्हणजे कधीकधी एकाच वर्षाचा अनुभव पाच वेळा, हे तुम्हाला शॉपवर रोज दिसत असेलच. सगळ्यात वरचा आकडाही एकपासून किती लांब आहे तेही बघा. कुठलीही पद्धत माणसाची हमी देत नाही. जी कमी चुकते ती निवडायची.

हस्ताक्षराचं एका ओळीत सांगते. १९९८ च्या हिशेबात ते ०.०२ वर होतं, म्हणजे जवळपास शून्य. पॅकेजातून ते कापा. व्यक्तिमत्त्व चाचणीचं थोडं वेगळं आहे: कामसूपणा नीट मोजणाऱ्या चाचण्यांना संशोधनाचा थोडा आधार आहे. पण इंग्रजीतून जेमतेम भाषांतर केलेले शंभर प्रश्न आयटीआय झालेल्या पोरापुढे ठेवले, तर तो प्रामाणिकपणे उत्तरं देईल की साहेबाला काय आवडेल ते लिहील? मी तुमच्या जागी असते तर ते पैसे मायक्रोमीटरवर घातले असते.

ते गमतीने म्हणत नाही. मशीन शॉपला काम करून दाखवण्याची परीक्षा उभी करणं इतकं सोपं आहे की ती न घेणं हेच आश्चर्य. एक टर्न केलेली पिन घ्या. तिचं ड्रॉइंग, एक मायक्रोमीटर, एक व्हर्नियर आणि कोरा कागद टेबलावर ठेवा. उमेदवाराला म्हणा, मोज आणि पास की रिजेक्ट ते लिही. आणि गप्प बसून बघा. मोजण्याआधी त्याने मायक्रोमीटरचा झिरो तपासला का? पिन पुसली का? रॅचेटने, म्हणजे जास्त दाब न पडू देणाऱ्या खटक्याने, आवळतोय की थिंबलच दाबतोय? एकाच जागी मोजून मोकळा झाला की दोन-तीन ठिकाणी, फिरवून मोजलं? टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल, तो ड्रॉइंगवर शोधला की तुम्हाला विचारला? मग तोंडी: ओडी (बाहेरचा व्यास) २५.०३ मिमी येतोय, हवा २५.००, तर कुठल्या अक्षात किती ऑफसेट (हत्याराच्या जागेची दुरुस्ती) देशील? एक्समध्ये वजा ०.०३ असं आलं की पुढचा प्रश्न: रात्री तीनला इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) तुटला, सेटर जागेवर नाही, त्या आधीचे दहा पीस ट्रेमध्ये आहेत, काय करशील? ‘इन्सर्ट बदलून चालू करेन’ म्हणणारा आणि ‘आधी ते दहा पीस बाजूला काढून तपासेन’ म्हणणारा, यांच्यातला फरक तुम्हाला ग्राहकाच्या रिजेक्शन नोटवर दिसतो. तो दारातच बघून घ्या.

गुण कसे द्यायचे ते परीक्षेआधी कागदावर लिहा: झिरो तपासला तर इतके, पीस बाजूला काढले तर इतके. तुमचा सेटर आणि तुम्ही, दोघांनी वेगवेगळे गुण द्यायचे, एकमेकांचे न बघता, आणि मग बेरीज. बेरजेनंतर ‘पण हा पोरगा मला जरा बरा वाटला’ म्हणून वर-खाली करायचं नाही. हे तुम्हाला सगळ्यात जड जाईल. तुमच्या अनुभवाची जागा प्रश्न कोणते विचारायचे आणि चांगलं उत्तर कोणतं हे ठरवण्यात आहे. तिथे तो सोन्याचा आहे. अर्धा दिवस मशीनवर काम करून बघणार असाल, तर त्या वेळेचे पैसे द्या, आणि सुरक्षेचं सगळं आधी सांगा. शिकाऊ उमेदवार हाही एक रस्ता आहेच. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात, तेव्हा तुम्ही त्या नियमात आहातच. नियम म्हणून झाडू मारायला ठेवण्यापेक्षा त्यांना मशीनवर नीट शिकवा. वर्षभर काम बघितलेल्या पोराची वेगळी मुलाखत लागत नाही.

मेहुण्यांच्या पोरांचं काय? ओळखीने माणूस घेणं वाईट नसतं. ओळखीचा माणूस कामाचं खरं स्वरूप ऐकून आलेला असतो, आणि शब्द टाकणाऱ्याची थोडी लाज बाळगतो. प्रश्न असतो शब्द कोण आणि कशासाठी टाकतोय याचा. लोरी बीमन आणि जेरेमी मॅग्रुडर या अर्थतज्ज्ञांनी कोलकात्यात यावर प्रयोग केला. लोकांना कामावर बोलावून म्हटलं, आता तुमच्या ओळखीचा एक जण आणा. काहींना माणूस आणल्याचे ठरलेले पैसे, काहींचे पैसे आणलेल्या माणसाच्या कामावर अवलंबून. दुसऱ्या गटातल्या लोकांनी नातेवाईक कमी आणले आणि सोबत काम केलेली माणसं जास्त आणली. त्यातही खरोखर चांगली माणसं आणता आली ती स्वतः कामात हुशार असलेल्यांनाच. म्हणजे तुमच्या हातात काय आलं? शिफारस मागायची असेल तर तुमच्या उत्तम सेटरांकडे आणि ऑपरेटरांकडे मागा. शिफारशीचे पैसे द्या, पण आणलेला माणूस सहा महिने टिकला आणि त्याचं काम बरं निघालं की मग. मेहुण्यांची पोरंही येऊ देत. पिन आणि मायक्रोमीटर त्यांनाही सारखाच.

आता त्या ९० दिवसांबद्दल, कारण तुमची खरी गळती तिथेच आहे. पहिलं म्हणजे खरं सांगा. कामाचं खरं चित्र आधी दाखवलं की सोडून जाणारे थोडे कमी होतात, असं या विषयावरचे एकत्रित अभ्यास सांगतात. फरक फार मोठा नसतो, पण खर्चही शून्य. उमेदवाराला रात्री अकराला शॉपवर बोलवा. कूलंटचा वास घेऊ द्या. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये काय होतं ते ऑपरेटरकडूनच ऐकू द्या. त्यातून जो दुसऱ्या दिवशी फोन उचलणार नाही, तो एरवी तिसऱ्या आठवड्यात गेलाच असता.

दुसरं, पहिला पगार. तुमच्या यादीत बीडचे, लातूरचे, बिहारचे पत्ते बरेच आहेत. असा पोरगा महिन्याच्या पाच तारखेला लागला, तर त्याच्या हातात पहिला पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेला. तोवर खोलीचं डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे, गावाकडून घेतलेली उसनवारी. ओडिशात काही अर्थतज्ज्ञांनी पानांच्या पत्रावळी करणाऱ्या कामगारांवर प्रयोग केला. कमाई तेवढीच, पण काहींना तिचा मोठा भाग आधी हातात दिला. त्यांनी उधारी फेडली, घरात सामान भरलं, आणि त्यांचं उत्पादन सरासरी ७ टक्क्यांनी वाढलं. जास्त गरीब होते त्यांचं आणखी वाढलं, कामातल्या चुकाही कमी झाल्या. डोक्याला पैशाचा घोर कमी, म्हणून हात नीट चालला. रोज उधारीचा विचार करणाऱ्याच्या हातात तुम्ही दोन शतांश मिलिमीटरचं काम देता, हे लक्षात घ्या. नव्या माणसाला पहिले दोन महिने दर आठवड्याला पगार द्या. लागणारा पैसा तोच, तारीख फक्त अलीकडे.

तिसरं, नव्या माणसाला पहिला महिना सकाळच्या पाळीत ठेवा आणि एका जुन्या ऑपरेटरच्या हवाली करा. त्या जुन्याला त्याबद्दल काहीतरी द्या. फुकट शिकवणं कुणालाच परवडत नाही. हे सगळ्यांना एकदम लागू करण्याऐवजी पुढचे सहा महिने एकाआड एक करा: पहिला नवा सकाळच्या पाळीत, दुसरा आजच्या रीतीने, तिसरा पुन्हा सकाळी. निवड तुमच्या मर्जीवर ठेवली तर चांगली पोरं आपसूक सकाळी जातील आणि हिशेब खोटा पडेल. सहा महिन्यांत असे पंधराएक जण होतील. एवढ्या थोड्या आकड्यांवर कुणी प्रबंध लिहिणार नाही. पण एका बाजूला सात-आठातले दोन गेले आणि दुसऱ्या बाजूला सहा, तर निर्णय घ्यायला तेवढं पुरे.

हजेरीच्या दीड हजारांबद्दल तुमची शंका बरोबर आहे. अमेरिकेतल्या एका कंपनीच्या औद्योगिक लाँड्रीत पूर्ण हजेरीला बक्षीस ठेवलं, तर जे आधीपासून वेळेवर येत होते त्यांचंच काम आणि उत्साह घसरला. जर्मनीत दुकानांच्या एका साखळीत शिकाऊ कामगारांना हजेरीचे पैसे दिले, तर गैरहजेरी वाढली. आपण येतो ते कर्तव्य म्हणून, हे मनात असतं तोवर माणूस ताप असला तरी येतो. त्याला किंमत लावली की एक खाडा म्हणजे अमुक रुपये, असा हिशेब सुरू होतो. तुमच्या नियमात आणखी एक गोम आहे. एक खाडा झाला की सगळे दीड हजार गेले. म्हणजे तीन तारखेला पोराला ताप आला, तर उरलेला महिना त्याला यायचं जादा कारण राहत नाही. हजेरीपट काढा आणि बघा, पहिल्या आठवड्यात खाडा झालेल्यांचे पुढचे खाडे जास्त आहेत का. माझी अटकळ आहे की असतील. तरी ही रक्कम एका झटक्यात बंद करू नका, ती पगार कापल्यासारखी वाटेल. पुढच्या पगारवाढीत ती मूळ पगारात घाला आणि विषय संपवा. आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेला, गावोगावच्या जत्रांना, उसाच्या हंगामात खाडे होणारच. त्या तारखा तुम्हाला पाठ आहेत. तेव्हा माणसांशी भांडण्यापेक्षा रजेची यादी महिनाभर आधी भिंतीवर लावा आणि कोण कुणाच्या बदल्यात येणार ते त्यांनाच ठरवू द्या.

सेटरांच्या गुपचूप पगारवाढीवरही ओडिशातलाच एक अभ्यास आहे, २०१८ साली प्रसिद्ध झालेला. काही गटांत सगळ्यांना सारखा पगार, काहींत कमी-जास्त. शेजाऱ्याला जास्त का मिळतं हे जिथे डोळ्यांना दिसत नव्हतं, तिथे कमी पगारवाल्यांचं उत्पादन पडलं आणि हजेरी तर १८ टक्के-बिंदूंनी घसरली. पैसे बुडाले तरी चालतील, पण इथे नको, असं माणसांनी केलं. मात्र जिथे एकाचं काम दुसऱ्यापेक्षा जास्त आहे हे सहज दिसत होतं, तिथे कमी-जास्त पगाराचा असा काही परिणाम दिसला नाही. म्हणजे तुमच्या सेटरांना जास्त देण्यात चूक नव्हती, गुपचूप देण्यात होती. कुठल्या मशीनचं सेटिंग कुणाला येतं, फर्स्ट पीस कोण पास करू शकतो, प्रोग्राम कोण दुरुस्त करू शकतो, याचा तक्ता शॉपच्या भिंतीवर लावा, आणि कुठल्या पायरीला किती पगार तेही त्यावर लिहा. ज्याला हवा असेल तो शिकून वरची पायरी चढेल. भांडणं होतील, पण पायरीवरून होतील. साहेबाचा लाडका कोण, यावरून नाही.

बेंगळुरूच्या एका मोठ्या कपडे निर्यात कंपनीतला प्रयोग थोडक्यात. २०१६ साली पगारवाढ अपेक्षेपेक्षा कमी झाली. त्यानंतर काही कामगारांना निनावी प्रश्नावली देऊन आपलं मत मांडायला सांगितलं. ज्यांना विचारलं त्यांच्यात पुढे नोकरी सोडण्याचं प्रमाण न विचारलेल्यांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी राहिलं. तुम्ही २७ जणांना जाताना काय विचारलंत? आणि आज जे ६४ आहेत, त्यांना?

एक मात्र स्पष्ट बोलते. शेजारची शेड त्याच कामाला दोन-तीन हजार जास्त देत असेल, तर वरचं सगळं तोकडं पडेल. तो आकडा तुम्ही पत्रात लिहिलेला नाही. आधी तो काढा.

सल्लागारांच्या डॅशबोर्डबद्दल शेवटचं, आणि इथे उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तारापूर आणि शेजारच्या गुजरातमधल्या उमरगावच्या १७ कापड कंपन्यांत एक प्रयोग केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. निवडलेल्या कारखान्यांना काही महिने व्यवस्थापनाची फुकट मदत दिली. केलं काय? मशीन का थांबलं याची रोज नोंद, दोषांची नोंद, सुताचा साठा नीट लावणं, जमीन साफ ठेवणं, नोंदींवर रोजची बैठक, चांगल्या कामाला बक्षीस. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. काही वर्षांनी संशोधक परत गेले, तर सुरू केलेल्या पद्धतींपैकी निम्म्याच्या आसपास बंद पडलेल्या. मुख्य कारणं, कारखान्याचा मॅनेजर बदलला किंवा मालकांना वेळ उरला नाही. तरी उरलेल्या निम्म्यावरही ते इतरांच्या पुढेच होते. तेव्हा डॅशबोर्ड चार लाखांचा असो वा वहीतला, तो रोज सकाळी कोण भरणार आणि तो माणूस सोडून गेला तर कोण, याचं उत्तर तुमच्याकडे हवं.

महिनाअखेरीस सल्लागारांना कळवा: आत्ता नको. वाईट माणसं आहेत असं मी म्हणत नाही. त्यांना इतकंच विचारा, की तुमच्या चाचणीत जास्त गुण मिळालेली माणसं आधीच्या कारखान्यांत सहा महिन्यांनी टिकली होती का, आणि कमी गुणवाल्यांचं काय झालं, दोन्ही आकडे दाखवा. आकडे आले तर मला पाठवा, आपण बघू. आणि राहिलेल्यांचे रकाने भरले की त्याची प्रतही पाठवा. रात्रपाळीच्या सुपरवायझरबद्दल त्यानंतरच बोलू.